रत्नागिरीचा काळा समुद्र

हडपसरास राहणाऱ्या मनुष्याचा पाण्याशीं संबंध फार तर मुठेच्या उजव्या कालव्यापुरता. आषाढांत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आमच्या गांवाहून दोन वेगळ्या वाटांनीं पुढें जातात, तेव्हां माणसांचा सागर दारावरून वाहतो. खरा सागर मात्र सह्याद्रीच्या पलीकडे राहिला. असें असतां गेल्या वर्षीं आमच्या घरांत समुद्रावरून मोठा वाद माजला. त्याचें मूळ आमच्या अकरा वर्षांच्या पुतण्याच्या हातांतील एक चित्र.

चित्र होतें आइसलंड बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील रेनिसफ्यारा या स्थळाचें. कोळशाच्या भुकटीसारखी काळी वाळू, तिच्यावर दुधासारखा पांढरा फेंस, आणि किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर भर पाण्यांत उभे असलेले काळे सुळके! त्यांतील सर्वांत उंच सुळका ६६ मीटरांचा आहे. तेथील लोक सांगतात कीं, पूर्वीं दोन राक्षस रात्रींच्या वेळीं एक तीन डोलकाठ्यांचें गलबत किनाऱ्याकडे ओढून आणीत होते. परंतु पहांट झाली, सूर्यकिरण अंगावर पडले, आणि राक्षस व गलबत जागच्या जागीं दगड होऊन राहिले. मुलानें ही कथा भोजनाच्या पंक्तींत मोठ्या रंगानें सांगितली आणि शेवटीं सर्वांच्या तोंडांकडे पाहून विचारलें, "आपण तेथें केव्हां जाणार?"

बंधु म्हणाले, इतका पैसा कोठून आणावयाचा? वहिनींनीं थंडीची गोष्ट काढली. तरुण मंडळींनीं मुलाची बाजू घेतली. इतक्यांत आमच्या मातोश्रींनीं चष्मा वर करून तें चित्र पाहिलें आणि शांतपणें म्हटलें, "अरे, यांत नवल तें काय? आमच्या मांडवीची वाळूहि काळीच आहे. आम्ही त्याला काळा समुद्रच म्हणत असूं."

मातोश्रींचें माहेर रत्नागिरीचें. आज त्यांचें वय ब्याऐंशी वर्षांचें. माहेरचें घर विकलें जाऊन तेथें दुसरी इमारत उभी राहिली, भाऊ-भावजया एकामागून एक निघून गेल्या, आणि चाळीस वर्षांत त्यांचें तिकडे पाऊल पडलें नाहीं. माहेरच्या गोष्टी त्या पुष्कळ सांगत. फणसांच्या, गणपतींच्या, पतितपावन मंदिराच्या. समुद्राची गोष्ट मात्र त्यांनीं आपण होऊन कधीं काढल्याचें आम्हां कोणासच आठवेना. त्या रात्रीं असें ठरलें कीं, आइसलंड मुलानें मोठें होऊन आपल्या कमाईनें पाहावें. आपण सर्वांनीं आजीचा काळा समुद्र पाहावा.

दत्तजयंतीचा उत्सव घरीं आटोपून दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही निघालों. कराड मागें टाकून मलकापूर गांठलें व तेथून आंबा घाटानें कोंकणांत उतरलों. घाटाच्या तोंडाशीं उभें राहिलें म्हणजे सह्याद्रीचे थरावर थर असे दिसतात कीं, कोणी गृहिणीनें भाकऱ्यांची चवड रचून ठेवावी. घाट उतरून साखरप्यास आलें कीं एक नदी सोबतीस येते. तिचें नांव काजळी. ही नदी पुढें भाट्याच्या खाडीनें रत्नागिरीच्या दक्षिण अंगास समुद्रास मिळते, आणि तिच्या मुखाशेजारींच मांडवीचा काळा किनारा आहे. नांव कोणी व कशावरून ठेविलें तें असो. परंतु सह्याद्रीचें काजळ खरवडून समुद्राच्या पदरांत घालणाऱ्या नदीस याहून समर्पक नांव मिळालें नसतें.

रत्नागिरीस पोहोंचतांच त्याच सायंकाळीं आम्ही रत्नदुर्गावर गेलों. हा किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा असून त्याच्या तीन बाजूंस समुद्र आहे. भगवतीचें दर्शन घेऊन तटावर उभें राहिलें असतां या गांवाचें खरें कौतुक दृष्टीस पडतें. उत्तरेकडे मिऱ्याच्या बाजूस जो किनारा दिसतो त्यास लोक पांढरा समुद्र म्हणतात; दक्षिणेकडे मांडवीच्या बाजूस जो दिसतो तो काळा समुद्र. मध्यें केवळ हें किल्ल्याचें टेंकाड! ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यास इंग्रजांनीं १८८६ सालीं येथें आणून ठेविलें व १९१६ सालीं तो येथेंच निवर्तला. त्याच्यासाठीं बांधलेल्या राजवाड्याच्या बाजूनें भाट्याची खाडी दिसते. तीस वर्षें हेंच पाणी पाहत त्या राजानें काढलीं असतील, हा विचार मनांत येऊन आम्ही कांहीं वेळ स्तब्ध राहिलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां आम्ही मांडवीवर होतों. वाचकांची निराशा होऊं नये म्हणून आधींच सांगतों: ही वाळू चित्रांतल्याप्रमाणें काळीकुट्ट नाहीं. कोरडी असतां ती राखेच्या रंगाची, ओली असतां शिशाच्या रंगाची दिसते. परंतु लाट मागें हटली म्हणजे तिच्यावर गडद काळ्या रेघा उमटतात, आणि उन्ह पडतांच त्या रेघा पोलादासारख्या चमकूं लागतात. मुलानें खिशांतून लोहचुंबक काढून त्या रेघेवरून फिरविला. क्षणार्धांत त्यास काळ्या कणांची दाढी फुटली! तो आनंदानें ओरडला, "काका, यांत लोखंड आहे!"

त्याचें म्हणणें बऱ्याच अंशीं खरें होतें. चुंबकास चिकटले ते मॅग्नेटाइट नांवाच्या लोहखनिजाचे कण. त्यांच्या जोडीला इल्मेनाइट नांवाचें दुसरें एक काळें खनिज या वाळूंत असतें. त्यांत लोखंडाबरोबर टायटॅनियम हा धातु असतो, आणि साध्या चुंबकास तें सहसा दाद देत नाहीं. मुलानें विचारलें कीं, हे कण एकाच जागीं कसे जमले? मी घनतेचा हिशेब सांगूं लागलों, तों मातोश्री म्हणाल्या, "अरे, तांदूळ रोवळतांना काय होतें? पाणी हालविलें कीं तांदूळ वरून निघून जातात आणि खडे तळाशीं राहतात. समुद्र रात्रंदिवस रोवळीत बसला आहे."

याहून सोपें स्पष्टीकरण कोणत्या ग्रंथांत मिळेल असें मला वाटत नाहीं. इल्मेनाइट पाण्याच्या सुमारें पावणेपांचपट जड, तर शिंपल्यांचा चुरा पावणेतीनपट. लाट येतांना सर्वांस उचलून आणते. परततांना तिचा जोर ओसरलेला असतो, म्हणून हलकें तेवढें ती माघारीं नेते व जड तेथेंच टाकते. ज्या किनाऱ्यास नदी काळे कण पुरवीत राहते आणि लाटांची चाळण नित्य चालू असते, तो किनारा काळा होतो. जेथें शिंपल्यांचा व इतर हलक्या कणांचा वांटा अधिक, तो उजळ दिसतो.

आतां हे काळे कण मूळचे कोठले? ते आपल्याच दगडाचे. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून तप्त रस भेगांवाटे वर येऊन दक्षिणेच्या पठारावर पसरला. एक थर थंड व्हावा, तोंच त्यावर दुसरा यावा, असें पुनःपुन्हा घडलें. आजहि सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा पाषाण पसरलेला आहे. दिवे घाटांत जो खडक दिसतो तो हाच. शनिवारवाड्याच्या जोत्याचा दगड हाच. आणि हडपसरच्या मळ्यांची काळी माती हेंहि याचेंच पीठ. शास्त्रज्ञ म्हणतात कीं, ज्या अग्नीनें हें पठार रचलें त्याचें मूळस्थान तळाशींच राहिलें व आपली भूमि त्यावरून उत्तरेकडे सरकत आली. आज तो अग्नि हिंदी महासागरांतील रियुनियन बेटाखालीं आहे; तेथील ज्वालामुखी अद्यापि जागता आहे, आणि त्या बेटावरहि काळ्या वाळूचा किनारा आहे. त्याच्या शेजारचें मॉरिशस बेटहि त्याच अग्नीनें घडविलेलें. १८३४ नंतरच्या काळांत कोंकणांतील पुष्कळ कुटुंबें मजुरीच्या करारावर त्या बेटावर गेलीं, आणि त्यांचे वंशज तेथें आजहि आपणांस मराठी म्हणवितात. घर सोडून एवढ्या दूर गेलेल्या त्या माणसांच्या पायांखालीं, त्यांच्या नकळत, माहेरच्याच चुलीवर घडलेली भूमि आली, हा केवढा योगायोग!

"पण सुळके कोठें आहेत?" मुलानें विचारलें. त्याची ही मागणी मांडवीस पुरी करतां येण्यासारखी नव्हती. समुद्रांतील सुळका एकाएकीं उत्पन्न होत नाहीं. जमिनीचें जें नाक समुद्रांत शिरलेलें असतें त्याच्या दोन्ही बाजूंवर लाटा आघात करितात. जेथें खडकास चीर असेल तेथें आधीं कपार पडते, कपारीची गुहा होते, दोहोंकडच्या गुहा एकमेकींस मिळाल्या म्हणजे कमान होते, आणि कमानीचा माथा ढांसळला कीं पलीकडचा खांब एकटा उभा राहतो. रत्नदुर्गाच्या कड्याखालींहि समुद्रानें पोखरलेली गुहा असून लोक तिला भुयार म्हणतात. म्हणजे काम चालू आहे. मजूर एका लाटेचाहि खाडा करीत नाहीं. मात्र त्याचा हिशेब हजारों वर्षांचा. सुटे खडक पाहावयाचे असतील त्यानें दक्षिणेस वेंगुर्ल्याकडे जावें. तेथें किनाऱ्यापासून दूर समुद्रांत खडकांचा पुंजका आहे, त्यावर दीपगृह आहे, आणि त्यांतील गुहेंत पाकोळ्या आपल्या लाळेनें घरटीं बांधतात. पूर्वेकडच्या देशांत त्या घरट्यांचें सार करून खातात म्हणून त्यांची चोरटी विक्रीहि होत असे.

राक्षसांच्या गलबताची उणीव मात्र मिऱ्याच्या किनाऱ्यानें भरून काढली होती. ३ जून २०२० या दिवशीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेलें, त्या वेळीं बसरा स्टार नांवाचें एक जहाज वाऱ्यानें भरकटून मिऱ्याच्या बंधाऱ्याशीं येऊन आदळलें, व पुढें कित्येक वर्षें तें तसेंच गंजत तेथें अडकून पडलें होतें. ही हकीकत ऐकून मुलाचें पुष्कळ समाधान झालें. "म्हणजे राक्षसांनीं येथेंहि एक ओढलें होतें तर!" असें म्हणून तो पुन्हा वाळू गोळा करावयास धांवला.

यापुढें जें घडलें तें सांगणें अवघड आहे. परंतु तें सांगितल्यावांचून हा लेख लिहिण्याचें कारणच राहणार नाहीं.

हिवाळ्यांतील शांत सकाळ होती. पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्यामुळें ओहोटी मोठी होती, आणि पाणी पुष्कळ मागें हटून ओल्या वाळूचें विस्तीर्ण अंगण उघडें पडलें होतें. मुलगा त्या अंगणाच्या कडेस, समुद्राकडे पाठ करून, उकिडवा बसून चुंबक फिरवीत होता. आम्ही मोठीं माणसें शेवफरसाणाची पुडी उघडून घरच्या गोष्टींत रमलों होतों. लहान लहान लाटा येत होत्या, त्यांची कोणास पर्वा नव्हती. साडेसातच्या सुमारास मातोश्री एकाएकीं उठून उभ्या राहिल्या. त्या एवढ्या मोठ्यानें ओरडतील असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नसतें. "बाळ! पाठ फिरवूं नको! वर ये!"

मुलगा दचकून वळला. त्याच क्षणीं एक लाट, आधींच्यांहून दुप्पट नव्हे, पण लांब पल्ल्याची, त्याच्या गुडघ्यांपर्यंत चढली. ती आली तेव्हां कांहीं झालें नाहीं. परतली तेव्हां त्याच्या पायांखालची वाळू तिनें काढून घेतली. तो बसला, आणि बसल्या बसल्या पाण्याकडे सरकूं लागला. बंधु जवळ होते. त्यांनीं चार ढांगांत जाऊन त्याचा दंड धरिला. एवढेंच घडलें. मुलगा भिजला, चुंबक गेला, आणि आम्ही सारे लाजेनें मान खालीं घालून उभे राहिलों.

मातोश्री वाळूवर बसल्या. बऱ्याच वेळानें त्या बोलल्या. त्या नऊ वर्षांच्या असतांना शेजारची एक मैत्रीण अशाच एका सकाळीं, अशाच शांत पाण्यांत, शिंपले वेंचतांना गेली होती. त्या स्वतः तिच्यापासून दहा हात अंतरावर होत्या. तेव्हांपासून त्यांच्या वडिलांनीं घरांतील सर्व मुलांस नियम घालून दिला: भरती फिरण्याची वेळ असेल तेव्हां ओल्या वाळूवर बसावयाचें नाहीं, आणि समुद्राकडे पाठ म्हणून करावयाची नाहीं. "मला वाटलें, हडपसरास समुद्र नाहीं, तेव्हां हा नियम तुम्हांस सांगून काय उपयोग?" असें म्हणून त्यांनीं डोळ्यांस पदर लाविला.

रात्रीं उतरण्याच्या ठिकाणीं आम्ही मुलाच्या त्या आइसलंडच्या किनाऱ्याची माहिती काढून वाचली, तेव्हां आम्हीं चकित झालों. तेथेंहि समुद्राकडे पाठ करूं नये हाच उपदेश पाहुण्यांस केला जातो! तेथें किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ एकदम खोल होतो आणि दक्षिणेकडून अटलांटिक महासागराच्या लाटा अडथळ्यावांचून येतात. दहा लहान लाटांमागून एखादी अशी येते कीं ती कोरड्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसासहि उचलते. २००७ पासून तेथें कित्येक पाहुणे प्राणांस मुकले. लोकांस सावध करण्याकरितां तेथें रंगीत दिवे उभारले आहेत. तरीहि २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत एक लहान मुलगी लाटेनें नेली. म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या कोळ्यानें आणि मांडवीच्या गृहस्थानें, एकमेकांचें नांवहि न ऐकतां, आपल्या मुलांस एकच वाक्य शिकविलें. हें वाक्य आम्हीं तीन पिढ्यांत एकदांच ऐकलें आणि तेंहि अगदीं वेळेवर, याबद्दल परमेश्वराचे आभार मानावे तेवढे थोडेच.

समुद्रास निर्दय म्हणण्याची आपल्यांत चाल आहे. परंतु त्या किनाऱ्यावर उभें राहून विचार करतां, उलट बाजूहि मनांत आल्यावांचून राहत नाहीं. या काळ्या वाळूंतील इल्मेनाइटपासून जो पदार्थ काढतात त्याचा जगांत मुख्य उपयोग पांढरा रंग करण्याकडे होतो. आपल्या घरांच्या शुभ्र भिंतींचें मूळ असल्या काळ्या किनाऱ्यांवर आहे. केरळांत चवऱ्यास, तामिळनाडूंत मनवलकुरिचीस व ओरिसांत छत्रपूरास अशी वाळू काढण्याचे सरकारी उद्योग आहेत. रत्नागिरीच्या काळबादेवी वगैरे किनाऱ्यांची व त्यांच्या समोरच्या समुद्रतळाचीहि शास्त्रज्ञांनीं पाहणी केलेली आहे. खनिज देशास हवें, यांत संशय नाहीं. परंतु केरळांतील आलप्पाड गांवच्या लोकांनीं, वाळूच्या उपशामुळें आपली भूमि समुद्र गिळीत आहे, म्हणून २०१८-१९ सालीं मोठी चळवळ केली. इकडे मिऱ्यास तर कोणी वाळू न काढतांच समुद्र आंत शिरतो व दगडी बंधारा पुनःपुन्हा दुरुस्त करावा लागतो. किनाऱ्याची वाळू ही समुद्र व गांव यांच्यामधील उशी आहे. उशी काढून घेतली म्हणजे डोकें कशावर टेंकावयाचें, याचा विचार भिंती पांढऱ्या करण्यापूर्वीं झाला पाहिजे. नियम मोडणाऱ्यास समुद्र मूठभर वाळूसाठीं काय करितो तें आम्हीं सकाळींच पाहिलें होतें.

निघण्याच्या दिवशीं मुलानें एका बाटलींत काळी वाळू भरून घेतली होती. आजीनें ती त्याच्याजवळ मागितली. ती वाळू हातावर घेऊन त्यांनीं एकवार डोळ्यांस लाविली, आणि भरतीची रेघ सोडून, कोरड्या जागीं उभें राहून, ती होती तेथें परत टाकिली. नंतर पिशवींतून नारळ काढून पाण्यांत सोडला. तो कोणाच्या नांवानें, तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं.

बाटली रिकामी झाल्यामुळें मुलगा कांहीं दिवस हिरमुसलेला होता. पुढें एके दिवशीं अवकाळी पावसाची सर येऊन गेली. तो नवा चुंबक घेऊन अंगणांत गेला व थोड्या वेळानें धांवत आंत आला. पागोळ्यांच्या ओहळानें अंगणाच्या कडेस मातींत बारीक काळ्या रेघा सोडल्या होत्या, आणि चुंबकास पुन्हा दाढी फुटली होती! तोच पाषाण, तेंच रोवळणें. फरक इतकाच कीं, हडपसरचें पाणी मुळामुठेनें भीमेस, भीमेनें कृष्णेस आणि कृष्णेनें पूर्वसमुद्रास जावयाचें; काजळीनें पश्चिमसमुद्र जवळ केला.

मातोश्रींनीं त्या रेघा वांकून पाहिल्या आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरविला. "बरें झालें," त्या म्हणाल्या, "आतां सासरींहि माझा काळा समुद्र आहे, आणि याच्याकडे पाठ केली तरी चालेल."